अनुदान आलं, पोराला किती पाठवायचं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परंडा तालुक्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. लोक अजून 'सेतू'च म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात केवायसीची रांग होती आणि व्हॉट्सॲपवर प्रश्नांची. निम्मे प्रश्न बापांचे, निम्मे पुण्या-लातुरात शिकणाऱ्या पोरांचे. काही वेळा तर एकाच घरातले दोघं, एकमेकांना न सांगता. तेच प्रश्न इथं एकत्र केलेत. आकडे शासनाचे आहेत, मतं माझी आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या.

१. अनुदान अनुदान म्हणतात ते नेमकं कशाचं?

पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं आणि पंचनाम्यात तसं लागलं, तर शेतकऱ्याला मिळणारी मदत. कागदावर तिला 'निविष्ठा अनुदान' म्हणतात. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. पुढच्या पेरणीला हात रिकामा राहू नये म्हणून हे पैसे असतात. वाहून गेलेल्या सोयाबीनची किंमत कुणी भरून देत नाही. पीकविमा वेगळा, पीएम किसानचे दोन हजार वेगळे, लाडक्या बहिणीचे दीड हजार वेगळे (प्रश्न १२). खात्यावर मेसेज आला की सगळ्यालाच 'अनुदान' म्हणायची आपली सवय आहे आणि बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात.

२. आमच्या घरी किती आलं असेल? वडील आकडा सांगत नाहीत.

स्वतः काढता येतो. नेहमीचा निकष हेक्टरी असा: जिरायत ८,५०० रुपये, बागायत १७,०००, बहुवार्षिक पिकं, म्हणजे फळबाग वगैरे, २२,५००, आणि हे दोन हेक्टरपर्यंत. २०२५ च्या पुरानंतर ऑक्टोबरात राज्य सरकारने मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० वर धरले. म्हणजे जिरायतीला हेक्टरी १८,५००, बागायतीला २७,०००, बहुवार्षिकला ३२,५००.

आता एकरात करा, कारण घरात कुणी हेक्टरात बोलत नाही. एक एकर म्हणजे ४० आर. जिरायतीचे एकरी ३,४०० आणि रब्बीचे एकरी ४,०००, मिळून ७,४००. पाच एकर सोयाबीनवाल्याला सगळे हप्ते धरून ३७,०००. टीव्हीवर मात्र त्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज ऐकलेलं असतं, आणि पुण्यातल्या पोरानेही तेच.

आणखी एक. पैसे एका दमात आले नाहीत. आधी निकषाचे, मग वाढीव क्षेत्राचे, मग रब्बीचे, असे तुकड्यातुकड्यांनी पडले. वडील "सतरा हजारच आले" म्हणत असतील तर ते खोटं बोलत नसतील. त्या दिवशी तेवढेच पडलेले असतील. शिवाय पंचनाम्यात पाच एकरातलं तीनच एकर लागलं असेल तर हा सगळा हिशोबच खाली येतो.

३. मग त्यात माझा हिस्सा किती?

हिस्सा काहीच नाही. सरकार इथं हेक्टर मोजतं, घरातली डोकी मोजत नाही. दोन लेकरं शिकायला असलेल्या घराला आणि एकट्या म्हाताऱ्याला, पाच एकराला पाच एकराचंच मिळतं. तुमच्या शिक्षणापोटी त्यात एक रुपया धरलेला नाही.

पण म्हणून गप्प बसा असंही मी म्हणणार नाही. महिन्याची मेस तीन-साडेतीन हजार, कॉटचं भाडं वेगळं, आणि दोन्ही थांबत नाहीत. पीक गेलं म्हणून मेसवाला डबा फुकट देत नाही. तेव्हा "माझा हिस्सा द्या" असं मागू नका, "आलेल्या पैशाचा हिशोब एकदा सगळे मिळून बसून करू" असं म्हणा. माझ्या पाहण्यात पहिल्या वाक्याने फोन कट होतो, दुसऱ्याने वही निघते.

आणि हिशोब मागायचा तर आपलाही द्यावा लागतो. मेस, भाडं, बस, झेरॉक्स, रिचार्ज, आणि शनिवारी रात्रीचं जे काय असेल ते. बापाने पासबुक उघडायचं आणि लेकाने गूगल पे झाकून ठेवायचं, असं चालत नाही.

४. घरचे म्हणतात आलंच नाही. शेजाऱ्याच्या पोराला तर पाठवलंय त्याच्या वडिलांनी.

लगेच संशय घेऊ नका. न येण्याची कारणं रोज माझ्या टेबलावर असतात: आधार बँकेला जोडलेलं नाही, जोडलेलं आहे पण भलत्याच जुन्या खात्याला, नावात फरक, जमिनीचं सामाईक खातं (प्रश्न ९), बँकेने लावलेला होल्ड (प्रश्न ७). फार्मर आयडी निघालेला असेल तर २०२५ च्या मदतीला वेगळी केवायसी लागली नाही; नसेल तर याद्यांमधला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर अंगठा द्यावा लागला. चिखलात आणि काडात राबलेला अंगठा मशीनवर उठत नाही. आमच्याकडे माणसं बोट केसांवरून फिरवतात, कपाळाला पुसतात, परत ठेवतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला उठतो, नाहीतर "परवा या" म्हणावं लागतं.

तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) याद्या असतात. सुट्टीला गावी आलात की वडिलांना घेऊन जा. वडिलांना न सांगता एकट्याने चौकशी करू नका. गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचते.

५. मी बाप आहे. कृषी केंद्राची उधारी डोक्यावर आहे आणि पोरगं मेसचे पैसे मागतंय. आधी कुणाला देऊ?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, म्हणून एक प्रसंगच सांगतो.

सीनेकाठच्या गावातले एक गृहस्थ आले. पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, पुरात भिजून पाव फुगावा तसं फुगलेलं. सतरा हजार पडले होते. कृषी केंद्राची उधारी एकवीस हजार. त्यांचा बेत साधा होता: सतराच्या सतरा दुकानदाराला द्यायचे आणि मोकळं व्हायचं. तेवढ्यात पोराचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला, कारण कानाला धरलेलं ऐकू येत नव्हतं.

"आण्णा, आलेत का?"

"आलेत."

"मेसवाल्याचे दोन महिन्यांचे सहा हजार झालेत. तो आता कूपन देईना."

आण्णा गप्प. मी एका वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर मांडलं. दुकानदाराला विचारलं असता तो दहा हजारांवर रब्बीचं बी आणि खत द्यायला तयार होता. आईच्या बचत गटाचा हप्ता सोळाशे. मेस सहा हजार. बेरीज १७,६००. सहाशे कमी. पोराने पलीकडून ऐकलं आणि म्हणाला, "सहाशेचं मी बघतो."

तेव्हा माझा क्रम असा. आधी ते देणं, ज्याच्यावाचून पुढची पेरणी अडते. पण अडणार नाही एवढंच, सगळं नाही. डीएपी खताची एक गोणी १,३५० ला आहे, किती गोण्या लागणार ते तुम्हाला माहीत आहे, त्यावरून ठरवा. मग पोराच्या पोटाचं. मग व्याज चालू असलेलं हातउसनं. पीककर्जाची घाई करू नका. २०२५ च्या सवलतींमध्ये शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती आणि पीककर्जाचं पुनर्गठन दोन्ही होतं. दुकानदाराला पूर्ण मोकळं केल्याचं समाधान मोठं असतं, मी समजू शकतो. पण तो पुढच्या महिन्यात परत उधार देतो. मेसवाला देत नाही.

जमीन खरडून गेली असेल तर तिचे वेगळे पैसे येतात, हेक्टरी ४७,००० रोख. त्याला कुणी हात लावू नये. पोरानेही मागू नये. ती माती परत आणायची आहे.

६. मुलगा पुण्यात, मुलगी बार्शीत. दोघांना पुरत नाही. मुलीला एक वर्ष घरी ठेवलं तर?

नका. आणि इथं मी "मतं माझी" वगैरे म्हणणार नाही.

पैशाच्या बाजूनेही ते खुळेपणाचं आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. म्हणजे बऱ्याच घरांत मुलीचा खर्च मुलापेक्षा कमी पडतो आणि घरी मात्र तीच बसते. एक वर्ष घरी ठेवलेल्या मुली परत कॉलेजात गेलेल्या मी फार पाहिल्या नाहीत. त्याच वर्षात स्थळं यायला लागतात.

दोघांना थोडं थोडं कमी पाठवा आणि दोघांना तसं सांगा.

७. पैसे खात्यावर दिसतात पण निघत नाहीत. बँक म्हणते कर्ज थकलंय. पोराची फी कशी भरू?

मदतीच्या रकमेतून बँकेने कर्जवसुली करू नये, असं मदतीच्या शासन निर्णयांमध्येच लिहिलेलं असतं. तरी होल्ड लागतात. तोंडी बोलून वेळ घालवू नका. शाखाधिकाऱ्याच्या नावे अर्ज, सोबत शासन निर्णयाची प्रत आणि पासबुकाची झेरॉक्स, पोच घ्या. एक प्रत तहसीलदाराला. पोच मागितली की बऱ्याचदा तिथल्या तिथे होल्ड निघतो. हा अर्ज शिकलेल्या पोराने लिहावा. व्हॉट्सॲपवर पाठवला तरी मी प्रिंट काढून देतो.

८. कायद्याने मला वडिलांकडे पैसे मागता येतात का?

मुलगा असाल आणि अठरा पूर्ण असतील तर नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी ती अज्ञान असेपर्यंतच आहे. अविवाहित मुलीचं वेगळं: ती स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल तर सज्ञान झाल्यावरही निर्वाह मागू शकते, आणि निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी यांच्याबरोबर शिक्षणही येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं.

हा प्रश्न मला तीन मुलग्यांनी विचारला आणि एकाही मुलीने नाही.

९. माझं नाव सातबाऱ्यावर आहे. मग तरी हिस्सा आहे ना?

मग आहे. प्रश्न ३ चं उत्तर इथं लागू होत नाही.

वडील वारले, वारस नोंद झाली, फेरफारात आई, तुम्ही, बहीण अशी तिघांची नावं चढली, तर तुम्ही स्वतः खातेदार आहात. सामाईक क्षेत्राचे पैसे एकाच खात्यात घ्यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. दिवाळीला गावी आल्यावर "इथं सही कर" म्हणून पुढे आलेला कागद बहुतेक तोच असतो. सही करण्यात गैर काही नाही. पण संमती म्हणजे पैसे कुणाच्या खात्यात पडावेत याला होकार. तुमचा हक्क सोडलेला नसतो. कागदावर 'हक्कसोड' असा शब्द दिसला तर मात्र पेन खाली ठेवा. तो वेगळा दस्त आहे, दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा, आणि अनुदानाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पैसे आईच्या खात्यात गेले असतील तर मी भांडायला सांगणार नाही. काकांच्या खात्यात गेले असतील तर हिशोब मागा, तोही आईसमोर.

१०. जमीन आजीच्या नावावर. राबतात वडील. पैसे आजीच्या खात्यावर.

मग ते आजीचे. ती देईल, बहुतेक न मागताच देईल. तिच्याबरोबर बँकेत जा, रांगेत तिला बसायला खुर्ची बघा, आणि पैसे मोजून तिच्याच हातात द्या. नातवाने एटीएम कार्ड घेऊन "आजी, मी काढून आणतो" म्हणायचं आणि पिन स्वतःकडे ठेवायचा, हे मी तीन घरांत पाहिलंय. तिन्ही घरांत शेवटी रडारड झाली.

११. वडील बटईने करतात. अनुदान मालकाला आलं. आम्हाला काहीच नाही?

कागदावर नाही. मदत सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. बी-खताचा निम्मा खर्च तुमचा, नुकसान तुमचं आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर. यापेक्षा वाईट नियम मला माहीत नाही. काही मालक अर्धे देतात, काही पुढच्या सालच्या हिशोबात धरतात, काही विषयच काढत नाहीत. वडिलांना मागायला संकोच वाटत असेल तर गावातल्या चार माणसांत शांतपणे विषय काढा, आणि पुढच्या पेरणीआधी 'मदत आली तर निम्मी-निम्मी' हे ठरवून घ्या. तुमच्यासाठी पुण्यात कमवा व शिका योजना आहे, विद्यापीठात आणि बऱ्याच कॉलेजांत चालते. विद्यार्थी विकास विभागात विचारा. बटईदाराच्या पोराने हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकावा.

१२. आईचे लाडक्या बहिणीचे पैसे ती मलाच पाठवते. घेऊ का?

ते १,५०० आईचे आहेत. ती देत असेल तर घ्या, पण तिच्या गोळ्या-औषधाला शंभर-दोनशे तरी राहतात का ते विचारा. घरात बहीण २१ च्या पुढची, अविवाहित असेल आणि बाकी निकषांत बसत असेल तर घरातल्या एका अविवाहित मुलीला स्वतंत्र लाभ आहे. तो तिचा स्वतःचा.

१३. अनुदानाव्यतिरिक्त विद्यार्थ्याला थेट काय मिळतं?

बापाच्या सतरा हजारांवर डोळा ठेवण्याआधी हे बघा. २०२५ च्या पूरग्रस्त भागाच्या सवलतींमध्ये शाळा-महाविद्यालयाच्या परीक्षा शुल्काची माफी होती. कॉलेजात जाऊन प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यायचा, तालुका यादीत आहे हे दाखवायचं. ऑफिसातला माणूस "आम्हाला काही आलेलं नाही" म्हणेल. विद्यापीठाचं परिपत्रक मागा. परीक्षा शुल्क म्हणजे शिक्षण शुल्क नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे, त्याचा अर्ज वेगळा. भत्ता उशिरा येतो, वर्ष संपता संपता येतो, पण येतो. उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवा. जुलैत माझ्याकडे उभं राहायला जागा नसते.

१४. वडील पुरात गेले. चार लाख आले आहेत. माझ्या शिक्षणाला किती ठेवायचे?

हा प्रश्न एकदाच आला, तरी इथं ठेवतोय.

आपत्तीत मृत्यू झाला तर वारसांना ४ लाख मिळतात. हे पैसे शेताचे नाहीत, माणसाचे आहेत, आणि वारस म्हणून तुम्हीही त्यात आहात. आईच्या खात्यावर पडले तरी पहिल्या महिन्यात कुणालाही उसने देऊ नका. सांत्वनाला येणाऱ्यांत मागणारेही असतात. निम्मे मुदत ठेवीत, आईच्या नावे. उरलेल्यातून तुमची राहिलेली वर्षं किती ते मोजून तेवढी फी आणि मेस बाजूला काढा. शिक्षण सोडून गावी येतो म्हणू नका, निदान हे वर्ष तरी. तुम्ही तालुक्यातले असाल तर एकदा दुकानात या.

१५. माझी चुलत बहीण न्यू जर्सीत आहे. ती म्हणते तिकडे कोरोनात सरकारने कॉलेजातल्या मुलांचेही पैसे दिले होते. खरंय?

अर्धं खरं. २०२० च्या पहिल्या खेपेला तिथं मोठ्यांना १,२०० डॉलर आणि सतराच्या आतल्या मुलांमागे ५०० होते. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या कॉलेजातल्या मुलांचं काहीच नाही. त्यांना स्वतःलाही नाही आणि त्यांच्यापोटी घरालाही नाही. २०२१ च्या मार्चमध्ये कायदा बदलला आणि अशा मुलांमागेही १,४०० डॉलर आले. पण आले आईवडिलांच्या खात्यावर. मग तिकडेही तोच वाद, इंग्रजीत: पोरं म्हणाली माझ्या डोक्याचे आहेत, आईबाप म्हणाले फी कोण भरतंय. तिथल्या पोरांची बाजू इथल्यापेक्षा मजबूत होती असं मला वाटतं, कारण तिथं खरंच डोकं मोजलं होतं.

१६. एमपीएससी करतोय, वय सत्तावीस. मीही याच प्रश्नांत बसतो का?

बसता, पण खुर्ची जरा मागे घ्या. अभ्यासिकेची फी आणि मेस दोन्ही घरून येत असतील आणि घरी पीक गेलं असेल, तर या वर्षी निम्मा खर्च तुम्ही उचलायचा. शिकवण्या, लायब्ररीत संध्याकाळची ड्युटी, काहीही. पीएम किसानच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सरकारने तुम्हाला नऊ वर्षांपूर्वीच घराबाहेर काढलंय.

१७. वडिलांनी अनुदानातले दोन हजार पाठवले. घरची हालत बघून घ्यावेसे वाटत नाहीत. परत पाठवू?

पाठवू नका, निदान न सांगता तरी नाही. मागच्या महिन्यात एक जण मोबाइल घेऊन धावत आले. "बघा हो, आणखी दोन हजार पडलेत. सरकारनं परत टाकले का?" मी एन्ट्री उघडली. फोन-पेवरून आले होते, पाठवणाऱ्याच्या जागी त्यांच्याच पोराचं नाव. मी वाचून दाखवलं. त्यांनी मोबाइल खिशात घातला, दोन पावलं गेले आणि परत येऊन म्हणाले, "त्याला फोन लावून द्या बरं. आणि स्पीकर नका लावू."